खारूच्या पोटावरची पिशवी

मित्रांनो, मी शेकायची एक जुनी रबरी पिशवी आहे. रंग विटला आहे, बूचही हट्टी झाले आहे. पण अजून मी कुठे गळत नाही, हे आधीच सांगून टाकते.

कारखान्यात माझ्यात हवा भरून मला पाण्यात बुडवले, तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. मग या घरी आले. आजोबांची कंबर, आईची पाठ, सगळीकडे माझेच कौतुक!

पुढे खारूचे पोट दुखू लागले. खारू ही घरातली मुलगी. खारीसारखी एका जागी कधी ठरत नसे, म्हणून हे नाव. सगळ्या तपासण्या ठीक आल्या, पण दुखणे हटेना. शाळा बुडू लागली. "नाटकं करते," असे कुणी म्हणाले, की ती मला घट्ट कवटाळून रडायची. मला फार वाईट वाटायचे. आई सारखी विचारायची, "दुखतंय का गं?" की खारूचे लक्ष पुन्हा पोटाकडेच.

शेवटी दोघी मला घेऊन मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे गेल्या.

"म्हणजे माझं दुखणं खोटं आहे?" खारूने फणकाऱ्याने विचारले.

"अजिबात नाही. खरंच दुखतंय तुला," बाई म्हणाल्या. "पण धोका नसतानाही तुझं शरीर घंटा वाजवत बसलंय. तिचा आवाज कमी करायला शिकू या."

त्यांनी मला खारूच्या पोटावर ठेवले. श्वास घेताना मला वर उचलायचे, सोडताना हळूच खाली आणायचे. शेक नाही, काही नाही, नुसते झोके! आईलाही गृहपाठ मिळाला: दुखतंय का, हे विचारायचे नाही.

दुखणे एका रात्रीत पळाले नाही. तरी खारू थोडा थोडा वेळ शाळेत बसू लागली. मी दप्तरात असायचेच. एके सकाळी दारातच तिच्या पोटात पिळवटले. आईने तोंड उघडले, गप्पकन मिटले आणि म्हणाली, "नाडी सुटलीय बघ बुटाची."

खारूने नाडी बांधली. पोट भरून श्वास घेतला, सोडला. मग मला दप्तरातून काढून चपलांच्या फळीवर ठेवले.

"हिला राहू दे घरी. येते मी!"

मला जरा लागलेच. पण जिन्यावरून तिची पावले धडधडत खाली गेली, आणि आई माझ्याशेजारी बसून पदराने डोळे पुसू लागली.

मित्रांनो, कुणाचे सारखे दुखत असेल तर त्याला खोटे पाडू नका. त्याच्यावर विश्वास ठेवा आणि त्याला खेळायला हाक मारा. आणि माझ्यावरची धूळ पुसायची घाई नको. खारू आत्ताच माझ्याकडे न बघता खेळायला पळाली.