दुसरं ताट

“आई, इकडं कुठं चालली व तू? मोबाइलमंधी तं हाटेल त्या अंगाले दाखवून राहिलं.”

सुंदराबाई थांबल्या नाहीत. रत्नागिरीत उतरल्यापासून मायलेकी कुठे साधे, ताजे मासे मिळतात का ते शोधत होत्या. समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात दारातच पनीरचा वास आला. दुसरीकडे दारापर्यंत रांग होती. शेवटी सुंदराबाईच पुढे चालू लागल्या. बर्फाच्या कारखान्याची भिंत लागताच त्या डावीकडे वळल्या, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या टपरीजवळून एका बोळात शिरल्या आणि एका कौलारू घरापुढे येऊन उभ्या राहिल्या. ओटीवर मोजकी टेबलं होती. आत तव्यावर काहीतरी चरचरत होतं.

“बाबानं सांगतला होता का हा रस्ता?” दीक्षाने विचारलं.

“रस्ता कायले सांगतीन ते? ते तं फक्त मासोयाच सांगे.”

दीक्षाचे बाबा मोतीराम अकोल्याला जठारपेठेतल्या एका वर्कशॉपात पंप मेकॅनिक होते. इथल्या बर्फाच्या कारखान्याच्या पंपांची देखभाल त्या वर्कशॉपकडे असल्यामुळे पावसाळा सरला की दरवर्षी त्यांची रत्नागिरीला फेरी व्हायची. परत आले की आठवडाभर ताटावर बसून माशांच्याच गोष्टी. औंदा तू चालच, असं दरवेळी म्हणायचे. सुंदराबाई हो म्हणायच्या आणि राहून जायचं. अंगणवाडीची नोकरी, सासूचं अंथरूण, मग दीक्षाचं नर्सिंग. नांदगाव खंडेश्वरच्या माहेरी तळ्यातली मासोळी आणि सासरी बाजारची सुकट, यापलीकडे त्यांनी काही चाखलं नव्हतं. मोतीराम जाऊन दोन वर्षं होऊन गेली. आईने एकदा तरी समुद्र बघावा म्हणून दीक्षाने अमरावतीच्या दवाखान्यातून रजा काढली होती.

ओटीवर टेबल पुसणारी बाई वळली. साठीची, ठेंगणी, केसांत अबोलीचा वळेसर. तिने सुंदराबाईंकडे पाहिलं आणि फडकं खांद्यावर टाकलं.

“या वहिनी. यंदा उशीर केलात. मिस्त्री मागून येतायत ना?”

दीक्षा आईकडे बघत राहिली.

“काकू, तुम्ही माझ्या आईला ओळखता?”

“ओळखता म्हणजे? दरवर्षी जोडीनं येतात. बसायचं ते खिडकीपाशी. वहिनींना तिरफळाचा बांगडा लागतो आणि काटे मिस्त्रींनी काढून द्यायला लागतात.” बाई हसली. “तुम्ही लेक काय? नाक बापाचं आहे हो.”

खिडकीपाशी बसताना दीक्षाचा चेहरा उतरला होता. कुठल्याही लेकीच्या मनात येईल तेच तिच्याही आलं होतं.

“आई,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “बाबाच्या संगं दुसरीच कोनी येत असंन का?”

सुंदराबाईंच्याही मनात तेच येऊन गेलं होतं. पण काटे? लहानपणी घशात काटा अडकल्यापासून त्या मासोळीला भीत. हे घरच्यांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. आणि दुसरी कुणी असली, तरी तिलाही काट्यांचीच भीती असावी?

त्यांनी काकूंना हाक मारली. “बाई, मी इथं कधीच आली नाही. नीट पाहा माह्याकडं.”

“चेष्टा करता गरिबाची?”

आतून एका पुरुषाचा आवाज आला. “अगं, काय सांगतेस त्यांना? मिस्त्री एकटेच यायचे. ताटं तेवढी दोन सांगायचे.” काकूंचे यजमान, मयेकर, हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आले.

“तू आत चुलीपाशी. तुला काय दिसतंय?” काकू म्हणाल्या.

“दिसायचं काय त्यात? मी खिडकीतून बघायचो ना. समोरची खुर्ची रिकामी. हे आपले तिच्याशी बोलत बसायचे.”

“आणि दुसरं ताट?” दीक्षाने विचारलं.

मयेकर जरा घुटमळले. “तेही रिकामं यायचं,” ते म्हणाले आणि आत गेले.

सुंदराबाईंना घरचे ते दिवस आठवले. मोतीराम रत्नागिरीला गेले की त्या दिवसांत त्यांना भूकच लागत नसे. अंगणवाडीतून आल्यावर पोरीला वाढायचं आणि आपण पाणी पिऊन झोपायचं. पोट भरल्यासारखं वाटायचं. घरात माणूस नाही म्हणून असंल, असं त्या समजत.

ताटं आली. लालभडक रस्सा, त्यात बांगडा, तांदळाची भाकरी, सोलकढी. दीक्षा दोन घास खाऊन दवाखान्याचा फोन आला म्हणून बोळाच्या तोंडाशी गेली. सुंदराबाईंनी रस्सा जिभेवर ठेवला. तिरफळाचा तो झणका त्यांना नवा वाटला नाही.

काकू भात घेऊन आल्या. वाढता वाढता त्यांचं लक्ष सुंदराबाईंच्या मनगटाकडे गेलं. “भाजलेलं बरं झालं की. डाग राहिला, पण बरं झालं. गेल्या खेपेला केवढी पट्टी होती.”

सुंदराबाईंचा हात भाकरीवरच थांबला. अंगणवाडीत खिचडीचं भांडं कलंडून हात भाजला तो गेल्या वर्षी पावसाळा सरताना. मोतीरामना जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

“गेल्या खेपेले,” त्यांनी सावकाश विचारलं, “ते होते माह्यासंगं?”

“होते की. असे समोर.”

बाहेर कुणीतरी जाळं ओढत नेत होतं. सुंदराबाईंनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. प्लास्टिकची साधी निळी खुर्ची, एक पाय तारेने बांधलेला. आपण घाबरायला हवं, असं त्यांना वाटलं. शेवटच्या वर्षी मोतीरामना आडवं पडून झोपता येत नव्हतं. उशांना टेकून ते खोकत बसायचे आणि त्या पाठ चोळत बसायच्या. शेवटी शेवटी तर एक घास गिळायचा म्हटलं तरी खोकल्याची उबळ यायची.

“खोकत होते का लय?” त्यांनी विचारलं.

काकूंनी आठवून पाहिलं. “नाही हो. खोकला कसला? दोनदा भात घेतला त्यांनी. चांगले होते.”

सुंदराबाईंनी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदराने टिपलं नाही, तसंच राहू दिलं.

दीक्षा परत आली. आईचा चेहरा पाहून ती खुर्चीवर बसलीच नाही.

“आई, चाल आपन इथून. मले काही बरं वाटून नाही राहिलं इथं.”

“बस जराशी,” सुंदराबाई म्हणाल्या. “माह्यं जेवन व्हाचं हाय अजून.”

आणि त्यांनी काकूंपुढे भातासाठी ताट सरकवलं.