माझ्या गवताखाली कोण आहे?

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. माझे नाव फेल्ट, म्हणजे मोकळे रान. जर्मन आणि इंग्रज घरांत माझी सख्खी भावंडे आहेत; तिकडे ती शेतांना नाव देतात. मी हॉलंडचा. तिथे बांधापाशी माझी हद्द संपत असे. मग खलाशांच्या तोंडी बसून मी दक्षिण आफ्रिकेत उतरलो आणि पाहतो तो काय, गवताला अंतच नाही! मी फुगून गेलो. हिवाळ्यात गुरे ज्याला तोंड लावत नाहीत तो आंबट फेल्ट, बारा महिने चरतात तो गोड फेल्ट, असा माझा गोतावळा वाढला. शेतकरी माझे नाव मायेने घेत.

पण त्या गवतात माझ्या आधीपासून सोथो लोक राहत होते. त्यांना मी झाकून टाकले. त्याची लाज अजून जात नाही.

एका ऑगस्टमध्ये, तिकडचा हिवाळा सरताना, खावी तेरब्लांश या शेतकऱ्याने वरचा माळ मक्यासाठी नांगरायचे ठरवले. आधी वाळके गवत जाळायचे, ही तिथली रीत. त्याच्या घरी राबणारी सोथो बाई दिमाकात्सो आडवी आली.

"मालक, तिथं नांगर घालू नका. माझी माणसं निजलीत तिथं."

"अगं ताई, लहानाचा मोठा झालो मी इथं! कुठली माणसं? नुसता फेल्ट आहे तो."

मी त्याच्याच जिभेवर होतो. मला अडखळताही आले नाही.

ओली पोती घेऊन गडी कडेने उभे राहिले आणि माळ पेटला. सकाळी काळ्या जमिनीवर दगडांचे ढीग उघडे पडले होते. एका ढिगावर, मृताचे भांडे थडग्यावर ठेवतात तसा, टवके उडालेला निळा मग होता. खावीने तो उचलला, काजळी पुसली आणि ओळखला. याच मगातून दिमाकात्सोच्या आईने त्याला लहानपणी दूध पाजले होते.

"लिसेबो, तुझी आई, इथं आहे? अगं, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की कालच. तुम्ही म्हणालात, फेल्ट आहे."

खावीने नांगर परत फिरवला. पावसात तिथे पुन्हा गवत उगवले आणि मी पुन्हा त्या थडग्यांवर पसरलो. मला दुसरे येते काय? म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो, माझे नाव घेण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, आणि ती सांगतील ते खरे माना. त्यासाठी गवत जळायची वाट पाहू नका.