भासऱ्याची ओळख

नानाजींचा जीव दोन गोष्टींवर होता. एक कीर्तन आणि दुसरी इंग्रजी. चांद्याच्या पुढं नदीकाठाला जी लहानशी कोळशाची खाण होती, तिच्या हपिसात ते कारकून होते. एकादशीला मजुरांच्या चाळीपुढच्या मारुतीच्या पारावर कुणी बुवा उभे राहिले, की मागं झांज धरायला नानाजी हजर. बुवांचा अभंग एका मात्रेनं घसरला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे, आणि कागदावर इंग्रजी शब्द जागचा हलला तरी तीच आठी. साहेबाच्या तोंडून एखादा नवा शब्द निघाला, की तो नानाजींच्या काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरे. खाली त्याचा अर्थ, त्याखाली तो वाक्यात कसा बसवायचा ते. खाणीच्या दवाखान्यातले कंपाउंडर भैयाजी त्यांना म्हणायचे, "नानाजी, न्यायले येईन त्या यमदूतालेही तुमी स्पेलिंग पुसान." नानाजी हसत, पण मनातून त्यांना ते बरंच वाटे.

चोपन्न सालच्या वैशाखात, सोमवारी सकाळी, ठेकेदाराच्या माणसांवर खाणीच्या पोटात छत कोसळलं. चारजण गेले. दोघांना काढलं तेव्हा त्यांची घरची माणसं चाळीतच होती. उरलेले दोघं कोण, ते काही कळेना. ठेकेदार दर आठवड्याला झाडीपट्टीच्या खेड्यांतून नवी माणसं आणायचा आणि हजेरीवर एकाचं नाव दुसऱ्याला लावून मोकळा व्हायचा. ज्या मुकादमाला माणसं चेहऱ्यानं माहीत होती, तो छत बसलं त्या दिवशीच पसार झाला होता. तिसरा माणूस गुरुवारी पहाटे निघाला. चौथा अजून दगडाखालीच होता.

गुरुवारी दुपारी एक बाई हपिसाच्या दारात येऊन उभी राहिली. पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. वैनगंगेपलीकडल्या एका खेड्यातून रात्रभर चालून आणि पुढं मोटारीनं ती आली होती. नाव मनकर्णा. तिच्या गावाकडचा एक मजूर खाणीतून पळून गेला होता, तो जाताजाता निरोप टाकून गेला की सुकलू त्या पाळीवर होता. सुकलू म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याची बायको मागंच वारलेली, पोरबाळ नाही. मनकर्णेचा नवरा झिंगू हिवतापानं अंथरुणाला खिळलेला. घरात दुसरं कुणीच नव्हतं म्हणून ती आली होती. सुकलूला घरी न्यायचं, आपल्या माणसांच्या हातानं आग द्यायची, एवढंच तिचं मागणं होतं. उन्हाच्या तडाख्यात प्रेत टिकणार नाही, म्हणून साहेबाचा हुकूम असा होता, की दिवस मावळायच्या आत कुणी ओळखलं तर द्यावं, नाहीतर नाल्यापलीकडं पुरून टाकावं.

नानाजींनी छापील कागद घेतला, टाक घेतला आणि ते तिला दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीकडं घेऊन गेले. कागदावर इंग्रजीत ओळ होती, की मी मृताला पाहून त्यास ओळखले आहे. शब्द होता रेकग्नाइझ. नानाजींचा तो आवडता शब्द. जे आधी माहीत होतं ते पुन्हा दिसताच कळणं, असा त्याचा अर्थ साहेबानं त्यांना एकदा टेबलावर बोट आपटून सांगितला होता. आधी माहीत नसेल तर रेकग्नाइझ होऊच शकत नाही, हे ते दहावेळा इतर कारकुनांना ऐकवून चुकले होते.

भैयाजींनी चादर छातीपर्यंत खाली केली. बाई दारातच थांबली. तिनं तोंड फिरवलं नव्हतं, पण पदरही वर केला नव्हता. पदराखालून तिची नजर जमिनीवर होती.

"पाय दाखवा," ती म्हणाली.

भैयाजींनी नानाजींकडं पाहिलं. मग हळू आवाजात तिला सांगितलं, की गुडघ्याखाली दाखवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

मग तिनं उजवा हात मागितला. उजवा हातही दगडाखाली गेला होता. बाई भिंतीला टेकली आणि खाली बसली.

"देवानं नेमकं तेच नेलं," ती म्हणाली.

मग हळूहळू नानाजींच्या ध्यानात आलं. सुकलू तिचा भासरा. भासऱ्यासमोर धाकट्याच्या बायकोनं तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला शिवायचं नाही, त्याच्या तोंडाकडं बघायचं तर मुळीच नाही. नानाजींच्या घरीही त्यांच्या धाकट्या भावाची बायको त्यांच्यासमोर अशीच वावरे. त्यात नवल ते काय? पण चौदा वर्षं एका अंगणात राहून त्या माणसाचं तोंड तिनं एकदाही पाहिलेलं नव्हतं, आणि आता तिला दाखवायला त्याच्या तोंडाखेरीज काही शिल्लक नव्हतं.

नानाजींनी तिला चार गोष्टी विचारल्या. अंगावर खूण? वण? गोंदण? पोटावर बेंबीच्या वर तीन जुन्या डागण्यांचे वण होते, ते त्यांनी आधीच कागदावर टिपले होते. पण भासऱ्याच्या पोटावर काय आहे ते धाकट्याची बायको कुठून सांगणार? तिला जे माहीत होतं, ते ती सांगत गेली. डाव्या पायाचा अंगठा कुऱ्हाडीनं फाटलेला, बुडाशी कातडी दुमडलेली. अंगणात यायच्या आधी तो दोनदा खाकरायचा, म्हणजे तिला आत व्हायला वेळ मिळावा. जेवताना ताटात एक घास कुत्र्यासाठी ठेवायचा. पाय धुताना तोंडातल्या तोंडात भजन म्हणायचा, पण कडवं कधी पुरं करायचा नाही. हे सगळं खरं होतं. नानाजींच्या कागदावर मात्र यातल्या कशालाही जागा नव्हती.

"बाई, एकदा तोंड पाहून घ्या," ते म्हणाले. "पाहिल्याशिवाय मला लिहिता येत नाही."

ती उठली. दोन्ही हातांनी तिनं पदर मागं सारला. जवळ गेली आणि पाहत राहिली. इतका वेळ पाहत राहिली, की भैयाजी अवघडून बाहेर निघून गेले. कपाळ, मिटलेले डोळे, मिशीला लागलेली कोळशाची काळी रेघ. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि थोडी लाजही. मेलेल्या माणसासमोर लाजणारी बाई नानाजींनी कधी पाहिली नव्हती.

"असतीन," ती म्हणाली.

"असतील की आहेत?"

"आमच्या घरधन्याचं कपाळ असंच आहे. त्यायचंच तोंड असन. पन मी खोटं काऊन बोलू, बाबूजी? मी त्यायचं तोंड कधी पाह्यलंच नाई."

नानाजींचा टाक थांबला. तिनं 'आहेत' म्हटलं असतं तर त्यांनी लगेच लिहिलं असतं. पण ती खरं बोलली, आणि खऱ्या बोलण्यावर खोटं लिहायचं त्यांच्या हातून होईना. शिवाय दुसरा विचारही मनात होता. उद्या दुसरीच कुणी बाई आली आणि म्हणाली की हा माझा नवरा, तर? दगडाखाली अजून एकजण होताच. त्यांनी तिला हे समजावून सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचे डोळे कागदावर होते.

"तुमी काय लिवून राह्यले?"

"ओळख पटली नाही, असं."

"आमचा म्हनून मी मागून राह्यली, तरी नाई चालत?"

नानाजी म्हणाले की मागणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. त्यांनी सुंदर, ठसठशीत अक्षरात ती ओळ पुरी केली आणि वाळवायला वाळू टाकली.

दिवस कलला. दोन झाडूवाले बाज घेऊन आले. बाई पुन्हा पदर ओढून दाराशी उभी होती. तिनं नानाजींना हाक मारली आणि एक काम सांगितलं. जायच्या आधी त्याच्या तोंडात पाण्याचे दोन थेंब टाकायचे होते. तिला त्याला शिवता येत नव्हतं. नानाजी ब्राह्मण दिसतात, त्यांनी टाकलं तर बरं होईल, असं ती म्हणाली.

नानाजी ब्राह्मण नव्हते, पण ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांची अंघोळ झाली होती, अंगावर धुतलेलं धोतर होतं, आणि पारावर मृदंगाला थाप पडल्याचं ऐकू येत होतं. त्या दिवशी एकादशी होती. प्रेताला शिवलं तर पुन्हा विहिरीवर जावं लागलं असतं. "भैयाजीला सांगतो," असं म्हणून त्यांनी भैयाजींना सांगितलं आणि ते लगबगीनं पाराकडं गेले.

त्या दिवशीचे बुवा वरोऱ्याकडचे, गोड गळ्याचे. देव भिकाऱ्याच्या वेशात भक्ताच्या दारी येतो आणि भक्त त्याला दारातूनच परत पाठवतो, असं आख्यान त्यांनी लावलं होतं. एरवी अशा जागी नानाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागे. त्या संध्याकाळी त्यांची झांज मागं पडायला लागली. बुवांनी दोनदा वळून पाहिलं. नानाजींच्या डोळ्यांपुढं त्यांचीच वही उघडली होती. रेकग्नाइझ या शब्दाखाली त्यांनी स्वतःच्या हातानं वापराचं वाक्य लिहिलेलं होतं: चालण्यावरून मी त्याला ओळखले. त्याखाली दुसरं: आवाजावरून तिने भावाला ओळखले. तोंडच पाहिलेलं पाहिजे, असं त्या शब्दानं कधी म्हटलंच नव्हतं. ते कागदालाही नको होतं, नानाजींनाच हवं होतं. बाई चौदा वर्षं जाणलेला माणूस त्यांच्यापुढं ओतत होती आणि त्यांनी फक्त तोंड मागितलं होतं.

आरती व्हायच्या आत ते उठले. एकादशीच्या कीर्तनातून मध्येच उठायची त्यांची ही पहिली वेळ. पत्र्याच्या खोलीत कुणी नव्हतं. भैयाजी दवाखान्याला कुलूप लावत होते. झालं सगळं, असं ते म्हणाले. नानाजींनी पाण्याचं विचारलं.

भैयाजींनी मान खाली घातली. "मी बाटल्या धुवून राह्यलो होतो, थोडा उशीर झाला. तिनंच पाजलं. मांडीवर डोकं घेऊन. मंग बाजेमागं गेली नाल्यापर्यंत."

शुक्रवारी चौथा माणूस निघाला. त्याच्यासाठी कुणीच आलं नाही. त्यालाही नाल्यापलीकडं पुरलं.

मंगळवारी एक बैलबंडी हपिसापुढं येऊन थांबली. तिच्यातून झिंगू उतरला, म्हणजे त्याला उतरवला. हळदीसारखा पिवळा, ओठ फुटलेले. त्याच्या मागं मनकर्णा. नानाजींनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. झिंगूनं भांडण काढलं नाही. त्यानं फक्त सांगितलं, की दादाच्या पोटावर तीन डाग आहेत. लहानपणी पोट फुगलं होतं तेव्हा आजीनं विळा तापवून दिले होते. डाव्या अंगठ्याचंही तो सांगत होता, पण नानाजींना पुढलं ऐकू येत नव्हतं. त्यांनी कपाटातून कागद काढला. खुणांच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात ते तीन डाग होते.

ते कागद घेऊन साहेबाकडं गेले. जन्मात पहिल्यांदा ते साहेबापुढं मोडकंतोडकं इंग्रजी बोलले. साहेब वाईट माणूस नव्हता. पण तो म्हणाला, की या मुलखात निम्म्या पोरांच्या पोटावर असे डाग असतात. पुरलेलं प्रेत उकरायचं तर चांद्याहून हुकूम लागेल. अर्ज करा, महिना लागेल, दोनही लागतील. आणि पहिला कागद जर म्हणत असेल की ओळख पटली नाही, तर हुकूम मिळेलच असंही नाही.

नानाजींनी बाहेर येऊन सगळं सांगितलं. झिंगू ऐकत होता. मग त्यानं विचारलं, जागा तरी दाखवाल का.

नाला सुकला होता. पलीकडं पळसाच्या खुंटांमध्ये मातीचे दोन उंचवटे शेजारी शेजारी होते. त्यांवर दगड नाही, पाटी नाही. झिंगू बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला.

"कोनता, बाबूजी?"

नानाजींना माहीत नव्हतं. गुरुवारी ते पारावर होते आणि शुक्रवारी हपिसात. ते एका उंचवट्याकडून दुसऱ्याकडं पाहत राहिले.

मनकर्णेनं डाव्या उंचवट्याकडं बोट केलं. त्या दिवशी पावलं मोजत गेली होती, ती म्हणाली, कडेच्या खुंटापासून अकरा. झिंगू तिथं मातीत बसला. त्यानं सुक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी हळूहळू ओतलं, आणि माती ते ओतल्याबरोबर पीत गेली. मग तो पालथ्या हातानं माती थोपटत राहिला, झोपलेल्या माणसाला थोपटावं तसं.

नानाजी बाजूला उभे होते. शेवटी त्यांनी सांगितलं, की अर्ज ते स्वतः लिहितील, चांद्याला स्वतः घेऊन जातील, साहेबाची सही आणतील. त्यासाठी बाईंची जबानी पुन्हा घ्यावी लागेल. बोलताबोलता त्यांनी खिशातून कोरा कागद काढलाही.

मनकर्णेनं डोक्यावरचा पदर मागं केला. नवऱ्यासमोर, परक्या माणसासमोर. तिच्या उघड्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं.

"आता पुसा," ती म्हणाली. "आता मले त्यायचं तोंड मालूम आहे."

नानाजींनी खाली बसून कागद गुडघ्यावर ठेवला. टाक हपिसातच राहिला होता.