गंधकाची धुरी

पासलीच्या बिरोबाची पालखी वर्षातून एकदाच जमिनीला टेकते, ती गावातल्या सगळ्यांत पांढऱ्या घोंगडीवर. गेली सहा वर्षं ही घोंगडी सावळा धनगराची होती आणि गेली सहा वर्षं त्याच्या साडूला, गेनबाला, जत्रेचं मटण पचत नव्हतं. बायका सख्ख्या बहिणी, मेंढरं एकाच माळावरची. पण गेनबाची लोकर निघायची ती पिवळसर. हा दोष तो मेंढरांचा न मानता सावळाचा मानी.

१९३४ साली शाळेवर कुंडलिक मास्तर आले. कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकले होते आणि पासलीत ते त्यांना कुणी विचारत नव्हतं. त्यामुळे लोकर पांढरी कशी करायची, असं गेनबानं विचारताच ते तासभर बोलले.

"गंधक जळताना हवेतला प्राणवायू घेतो आणि त्याचा उग्र वायू होतो. तो ओल्या लोकरीच्या रंगातला प्राणवायू ओढून घेतो. मग लोकर पांढरी दिसते."

दुसऱ्याचं ओढून घ्यायचं शास्त्र गेनबाला एकदम पटलं. तो उठलाच.

"पण रंग मरत नाही हो!" मास्तर मागून ओरडले. "ऊनवारा लागला की परत येतो. जत्रेपर्यंत पेटीत ठेवा!"

"व्हय व्हय," गेनबा म्हणाला, तेही पाठमोरा.

भोरच्या बाजारातून गंधक आला. परड्यात कोंबड्या झाकायचं डालगं पालथं पडलं, आत ओली घोंगडी, खाली खापरात निळी ज्योत, वरून गोणपाट. बायको ठकुबाई खोकून बेजार झाली. "द्येवाची घोंगडी करताय का उंदरं मारताय?"

घोंगडी निघाली ती दुधागत पांढरी. जत्रेला आठ दिवस होते. शहाण्यानं ती पेटीत ठेवली असती. पण पेटीतल्या घोंगडीनं सावळा जळणार कसा? गेनबानं ती थेट सावळाच्या दारासमोरच्या कुंपणावर पसरली.

"पाव्हणं, वाळली न्हाई का अजून?" चौथ्या दिवशी सावळानं विचारलं.

"लोकर लई दाट हाय आमची!"

सावळाचा चेहरा दिवसेंदिवस उतरू लागला. तो पडलेला चेहरा बघायला गेनबा रोज दिवसभर समोरच्या दगडावर बसे. चेहरा इतका गोड होता, की घोंगडीकडे बघायची त्याला आठवण झाली नाही.

जत्रेच्या सकाळी पुजारी चिमाजीनं दोन्ही घोंगड्या शेजारी अंथरल्या. गेनबाची साजूक तुपाच्या रंगावर आली होती. पालखी सातव्यांदा सावळाच्या घोंगडीवर टेकली.

"सावळ्यानं नजर लावली, मास्तर! आठ दिस टक लावून बगत हुता."

"नजर नव्हे गेनबा, हवा. हवेतल्या प्राणवायूनं रंग परत आणला."

गेनबानं बराच विचार केला. "आन ही हवा येती कुठनं?"

"सध्या पश्चिमेकडून."

गेनबानं मान वळवली. पश्चिमेला सावळाचं घर होतं.

"मंग म्या येगळं काय म्हनतोय?"