मर्व्हची किल्ली

"दे गं किल्ली, नरेल. चारच तर ग्लास झालेत. बघ, जीभ तरी अडखळतेय का माझी?" मेंढ्यांची लोकर कातरणारा मर्व्ह काउंटरवर रेलून म्हणाला.

"तीच तर भीती आहे," नरेल म्हणाली आणि ग्लास पुसत राहिली.

विमेराच्या गव्हाच्या मुलखातल्या त्या गावच्या एकुलत्या एका पबमध्ये बावीस वर्षं ती बिअर ओतत होती. तिच्या मागच्या फळीवर खिळे होते, प्रत्येक खिळ्याखाली एक नाव. रीत अशी, की आधी गाडीची किल्ली खिळ्याला, मग पहिला ग्लास. किल्ली परत मिळायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी. ही रीत तिच्या भावानं, लायलनंच घातली होती. "मी कितीही गयावया केली तरी देऊ नकोस," असं बजावलंही होतं. आणि एका संध्याकाळी तोच इतका ताठ उभा राहून इतकं समजूतदारपणे बोलला, की तिनं दिली. गावाची वेस ओलांडायच्या आत तो गव्हाच्या ट्रकखाली गेला. त्याचा खिळा सात वर्षं रिकामा होता.

नवा मॅनेजर ब्रेंटन शहरातून येताना मालक कंपनीचं पोस्टर घेऊन आला होता: 'जबाबदारीने प्या. निर्णय तुमचा.'

"देऊन टाक," तो म्हणाला. "मोठा माणूस आहे, त्याचं तो ठरवेल. कंपनीचं धोरणच आहे तसं."

नरेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ठरवेल तो कुठला मर्व्ह? दुपारी शुद्धीत असताना मर्व्हनं ठरवलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. आता मागतायत ते चार ग्लास. मी दुपारच्या मर्व्हचं ऐकणार. तुमच्या कंपनीला हाच लाडका, कारण पाचवा ग्लास हाच घेणार!"

"फळी उद्या उतरतेय, नरेल. नोकरी हवी असेल तर..."

तिनं एप्रन काढून बिअरच्या नळावर टाकला. लायलचा खिळा उपटून खिशात घातला, मर्व्हला दंडाला धरून त्याच्याच गाडीत बसवलं आणि गाडी त्याच्या घराकडे काढली.

"भावाचा राग माझ्यावर काढतेस तू," तो वाटभर ओरडत होता. तिचा गिअर दोनदा चुकला. किल्ली त्याच्या बायकोच्या हातात देऊन ती पायीच परतली.

पुढच्या शनिवारी दुपारी तिच्या कुंपणापाशी गाडी थांबली. मर्व्ह उतरला. दाढी केलेली, टोपी हातात.

"फळी काढली त्यांनी. तिथं ते पोस्टर चिकटवलंय."

"मग?"

"मग काय! इथून चालत जाईन म्हणतो. खिळा आहे का एखादा?"

नरेल आतून हातोडी घेऊन आली. व्हरांड्याच्या खांबात ठोकताना लायलचा खिळा वाकला. तिनं तो सरळ करून पुन्हा ठोकला. मर्व्हनं किल्ली अडकवली, टोपी डोक्यावर घातली आणि तो पबच्या दिशेनं चालू लागला.