न पुसला गेलेला मंगळवार

मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला वर्ग आठवतो, पाढे आठवतात, बाईंच्या हातातला खडू आठवतो. माझ्यावर मात्र कधी कुणी पाढे लिहिले नाहीत. मी सेलूच्या एका जिनिंग कारखान्यातला फळा आहे. इथं कापसातून सरकी वेगळी काढतात आणि रुईच्या गाठी बांधतात. उद्या कोणत्या बायांनी किती वाजता कामाला यायचं, ते माझ्यावर लिहिलं जायचं. आणि मी सूड घेतलेला फळा आहे. ते लपवून गोड गोड सांगत बसणं मला जमणार नाही.

झरीच्या परमेश्वर सुतारांनी मला घडवलं, एका मोडीत निघालेल्या बैलगाडीच्या लाकडातून. त्या गाडीनं वर्षानुवर्षं या कारखान्यात कापूस आणला होता. मालक अण्णासाहेब म्हणाले, "हिला जाळू नका, हिचा फळा करा." बॅटरीच्या जुन्या सेलांमधली काळी भुकटी भोपळ्याच्या पानांच्या रसात कालवून माझ्या अंगाला चोपडली. चार बोल्ट मारून मला गेटच्या आत भिंतीवर बसवलं. पुढं दरवर्षी खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू लागायचं आणि मला काळ्याचा नवा हात मिळायचा. वर झेंडूचं एक फूल. तेवढ्यावर मी वर्षभर ताठ असायचो.

माझ्या तळाशी अण्णासाहेबांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं एक ओळ लिहवून घेतली होती. 'सायंकाळी पाचनंतर फळा बदलल्यास, ज्या बाईचे काम बुडेल अथवा वेळ बदलेल, तिला चार तासांचे पैसे.' एकदा आठ वाजता बोलावलेल्या बाया दुपारपर्यंत लिंबाखाली नुसत्या बसून परत गेल्या होत्या, त्या दिवशीची ही ओळ. अण्णासाहेब म्हणाले होते, "घोळ माझा, आन् दिवस त्यांचा गेला. असं कसं चालंल?" बाया त्याला 'फळ्याचे पैसे' म्हणायच्या. खरं सांगू? ते पैसे फार वेळा द्यावेच लागले नाहीत. बदलायची किंमत मोजावी लागते म्हटल्यावर माणूस विचार करून लिहितो.

मग अण्णासाहेब थकले. कारभार पुतण्याकडे गेला, पुतण्या राहिला शहरात, आणि कारखान्यात मॅनेजर म्हणून आदिनाथ आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, चालणं झपाझप. त्यानं रोजंदारी बंद करून तासावर पैसे सुरू केले. खंडेनवमीला कुणीतरी माझ्यासाठी काळं कालवून आणलं, तर म्हणाला, "फळ्याला कसला मेकअप करायलात? कामं करा." तीन वर्षं माझ्या अंगाला काळं लागलं नाही. मी आधी करडा झालो, मग माझं लाकूड उघडं पडलं.

त्याचंही मला इतकं वाटलं नसतं. मी मनात डूख धरला तो त्याच्या एका सवयीमुळं. संध्याकाळी तो माझ्यावर एक लिहायचा. सकाळी गेट उघडायच्या आत रुमालानं पुसून दुसरंच लिहायचा. बाया आल्या की म्हणायचा, "काल हेच होतं." कापसाला आगीची भीती, म्हणून काडीपेटी, बिडी आणि मोबाईल गेटवरच जमा व्हायचे. फोटो कोण काढणार? खडूला साक्षीपुरावा नसतो, मित्रांनो. आठ जणी यायच्या, पाच जणींची नावं उरायची. तिघी देवगाव फाट्याच्या रिक्षाला परत पैसे देऊन घरी जायच्या. त्यांचे तास शून्य. आणि खोटेपणा माझ्या अंगावर लिहिलेला, माझ्या नावानं खपलेला!

मी जमेल तेवढं केलं. माझ्या लाकडातल्या गाठीवर त्याचा खडू मोडायचा. पुसताना खडूची सगळी भुकटी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडायचो. एकदा त्याच्या अंगठ्यात माझ्या लाकडाची कूस घुसवली, तो दोन दिवस अंगठा चोखत हिंडला. पण तेवढ्यानं माझं समाधान होईना.

त्या बायांमध्ये एक होती सुकेशनी. दहावी शिकलेली, देवगाव फाट्याची. तिची मुलगी अबोली सात महिन्यांची. अबोलीचं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. दर मंगळवारी परभणीच्या दवाखान्यात नेऊन पाय थोडा थोडा सरळ करायचा आणि प्लास्टर घालायचं, असे सलग सहा मंगळवार. हे मला कसं ठाऊक? भाकरीच्या सुट्टीत बाया माझ्याखालीच बसायच्या.

"एक बी चुकवू नका म्हनल्यात डॉक्टरीणबाई," सुकेशनी सांगायची. "चुकला की पाय माघारी वळतोय."

"मग चुकवती कशाला? मंगळवारची सुट्टी लिवून घी," चतुराबाई म्हणायची. चतुराबाई सगळ्यांत जुनी. तिची जीभ जिनच्या पात्यापेक्षा धारदार होती.

सुकेशनीनं तसंच केलं. दोन मंगळवार नीट गेले. तिसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आदिनाथनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'सुकेशनी - सुट्टी'. ते खडूचे कण माझ्या अंगात होते, म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेट उघडायच्या आतच एका बाईचा सांगावा आला, येत नाही म्हणून. आदिनाथनं ते पुसलं आणि लिहिलं, 'सुकेशनी - ८'. मग फोन लावला. ती परभणीच्या गाडीसाठी स्टेशनवर उभी होती. नाही आलीस तर आठवडाभर नाव नाही, असं तो माझ्यासमोरच बोलला. ती लेकरू कडेला घेऊन धावत आली.

"सायब, काल मला सुट्टी लिवली हुती."

"काल हेच होतं."

"मी सोता वाचलंय."

"मग दाखव ना, कुठं लिहिलंय?"

अण्णासाहेब रोज सकाळी गेटजवळ खुर्ची टाकून उन्हाला बसायचे. सुकेशनी त्यांच्याकडं वळली. "अण्णा, तुमी तरी सांगा."

अण्णासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्यावर 'आठ' होतं. ते म्हणाले, "आदिनाथ शिकलेला मानूस हाय, माय. तुझ्याच वाचण्यात चुकलं आसंल काही."

तिनं लेकराला सरकीच्या पोत्यांमागं ओढणीवर निजवलं आणि काम केलं. रुईची धूळ हवेत तरंगत होती, लेकरू खोकत होतं, आणि ती दर दहा मिनिटांनी मान वळवून पाहत होती. दहा वाजता कापूस संपला. आदिनाथ म्हणाला, "जा आता. दोन तास भरले." गाडी केव्हाच गेली होती. पुढच्या मंगळवारी दवाखान्यातून आल्यावर तिनं चतुराबाईला सांगितलं, "पाय माघारी गेला, मावशी. आता पुन्ना पहिल्यापासून."

"रडू नको," चतुराबाई म्हणाली. "पुसनाऱ्याचं बी कवातरी कुनी पुसतंय."

मित्रांनो, मला हात असते तर मी काय केलं असतं, ते मुलांना सांगण्यासारखं नाही. मला हात नव्हते. मी वाट पाहिली.

ती वेळ पौषात आली. सोमवारी दोनशे गाठी बाहेर पाठवायच्या होत्या आणि त्यांच्यावर नंबर टाकणारा माणूस आजारी. आदिनाथ स्वतःच ब्रश घेऊन गाठींवर लाल शाईनं नंबर टाकत होता. चार वाजता फळा लिहायला आला, तर खडूचं खोकं रिकामं. खडू आणायला बाजारात कोण जाणार? त्यानं हातातला ब्रशच माझ्यावर चालवला. वर तारीख टाकली, वार टाकला, 'दु. ४' अशी वेळही टाकली. कागदोपत्री तो फार नेटका होता! खाली लिहिलं, 'मंगळवार, सकाळी ८', मग सात बायांची नावं आणि शेवटी 'सुकेशनी - सुट्टी'.

गाठीवरची शाई उन्हात उडत नाही, पावसात धुपत नाही, कारण गाठ कुठल्या कुठं जायची असते. हे या कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. घाईत तो विसरला. आणि माझ्या अंगावर काळ्याचा थर असता तर शाई वरच्यावर राहिली असती, खरवडून निघाली असती. पण तीन वर्षांचं उघडं लाकूड होतं माझं. मी ती शाई थेंबाथेंबानं आत ओढून घेतली. इतकी चव मला कशाची लागली नाही.

मंगळवारी सकाळी त्याला निरोप आला की कापसाच्या गाड्या दुपारी दोनला येणार. त्यातून एका बाईचाही सांगावा आला, येत नाही म्हणून. आदिनाथ रुमाल काढून माझ्यापाशी आला. घासलं. निघेना. पाणी आणलं. निघेना. रंगाचं थिनर ओतलं, विटेच्या तुकड्यानं खरवडलं. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. वेदना मला होत होत्या, नाही असं नाही. पण त्याच्या प्रत्येक खरवडीला मी मनात म्हणत होतो, घास. अजून घास.

पावणेआठला बायांचे आवाज आले. त्यानं हाताला आलेलं बारदान माझ्यावर टाकलं आणि खिळ्याला अडकवलं.

"बयो!" चतुराबाई गेटातूनच ओरडली. "फळ्याला थंडी वाजायली का, सायब?"

"फळा खराब झालाय. आज काम दोनला आहे. काल तेच लिहिलं होतं."

तेवढ्यात सुकेशनी आली. अबोली शालीत गुंडाळलेली, पाय प्लास्टरमध्ये. नऊची गाडी होती. पण मागच्या वेळेची तिनं अशी धास्ती घेतली होती, की स्टेशनवर जाण्याआधी फळा पाहून जायचा हा तिचा नेम झाला होता.

"बरं झालं आलीस," आदिनाथ म्हणाला. "दोनला तुझं नाव आहे."

तिचा चेहरा उतरला. हा दुसऱ्या खेपेचा पाचवा मंगळवार होता. "फळा बघू द्या," ती कशीबशी म्हणाली.

"खराब झालाय म्हटलं ना!"

चतुराबाईनं बारदानाचं टोक धरलं आणि ओढलं.

सगळ्या बाया वाचायला पुढं सरकल्या. मग एकजण फिसकन हसली. थिनरनं मी ओला होतो, विटेनं सोललेला होतो, आणि लाल अक्षरं आदल्या दिवसापेक्षाही उठून दिसत होती.

"अगं बाई, किती घासलंय हो!" चतुराबाई म्हणाली. "नारळाची शेंडी आणून देऊ का? जरा हलक्या हातानं घासा, सायब. आमचीच नावं हायत, खरचटतील."

हसण्याचा आवाज ऐकून अण्णासाहेब काठी टेकत आले. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून वाचलं. तारीख. वार. दुपारी चार. नावं. सुट्टी.

"अक्षर कुनाचं हे?"

आदिनाथनं शाईनं लाल झालेली बोटं पाठीमागं नेली.

"आन् आज काय सांगायलास बायांना?"

"अण्णा, गाड्या दोनला येणार. मग आत्ता यांना बसवून काय करू?"

"बसवू नको. घरी जाऊ दे. पन चार तास दे. खाली लिवलंय."

"ते जुनं आहे, अण्णा. आणि असे रोज चार-चार तास द्यायला लागलो तर कारखाना बुडेल!"

"रोज?" अण्णासाहेबांनी विचारलं.

आदिनाथनं रुमालानं कपाळ पुसलं.

"रोज बदलतोस? मला तर 'काल हेच होतं' म्हनून सांगायचास."

सुकेशनी पुढं आली. तिचा आवाज चढला नाही, तेच मला जास्त बोचलं. "अण्णा, त्या दिवशी बी मंगळवारच हुता. तुमी हितंच बसले हुता. मी तुमाला इचारलं हुतं."

अण्णासाहेब तिच्याकडं पाहू शकले नाहीत. त्यांनी लेकराच्या प्लास्टरकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "चुकलं माझं," ते म्हणाले. "त्याचे बी चार तास घे."

"पैसे घेते, अण्णा. माझे हायत ते," ती म्हणाली. "पन गेलेलं प्लास्टर पैशानं येत न्हाई." आणि ती गाडीसाठी निघाली. बायांनी तिला वाट करून दिली. आदिनाथलाही बाजूला सरकावं लागलं.

चतुराबाईनं मागच्या सगळ्या पुसलेल्या दिवसांचं विचारलं. अण्णासाहेब म्हणाले, "जे दिसत न्हाई ते कसं देऊ?" मला दिसत होतं! एकेक दिवस मला पाठ होता, आणि सांगायला तोंड नव्हतं. त्या दिवसांचा हिशेब आजही माझ्या मनात उघडा आहे. तो मी मिटवलेला नाही.

तेव्हापासून उद्याची नावं रोज बारदानाच्या नव्या पट्टीवर गाठीच्या शाईनं लिहितात. जुन्या पट्ट्या घडी करून चतुराबाईच्या ताब्यात असतात. पाचनंतर बदल झाला की चार तास. आदिनाथ आता दोनदा विचार करतो आणि मगच ब्रश उचलतो.

माझं काम मात्र सुटलं. ज्याच्यावरचं पुसता येत नाही तो फळा काय कामाचा? आदिनाथ मला फोडून बंबात घालणार होता. अण्णासाहेबांनी मला त्याच्याच टेबलासमोर भिंतीला उभं करायला लावलं. तो डबा खातो तेव्हा त्याचं अक्षर त्याच्यासमोर असतं. त्यानं माझ्यावर कॅलेंडर लावून पाहिलं, ते लहान पडलं. मला त्याची दया येत नाही. सूड सोपा नसतो, मित्रांनो. त्यापायी मी माझा खडू गमावला, माझी जागा गमावली आणि खंडेनवमीचं फूलही. तरी पुन्हा वेळ आली तर मी शाई पुन्हा ओढून घेईन.

तुम्ही मोठे व्हाल. कुणाच्या हाती खडू येईल, कुणाच्या हाती मोबाईल, आणि त्यावर तुम्ही दुसऱ्यांचे दिवस लिहाल. जरूर लिहा. पण लिहिलेलं बदलावं लागलं तर त्या माणसाला आधी विचारा, घरी कोण वाट पाहतंय? आणि त्याची भरपाई द्या, तोंड चुकवू नका. जुन्या वस्तूंची निगा राखा असं आम्ही वस्तू नेहमी म्हणतो. मी म्हणतो, माझी नका राखू. दुसऱ्यांच्या दिवसाची राखा.

परवा सुकेशनी पगार घ्यायला ऑफिसात आली होती. अबोलीला तिनं टेबलाच्या कडेला धरून उभं केलं. दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकले होते. आदिनाथ रजिस्टरमधून मान वर काढेना. सुकेशनी म्हणाली, "सायब, बघा की. उभी राहायली." आणि त्यानं पाहेपर्यंत ती तिथून हलली नाही.