कॅसेटच्या पाठीवरचं ठिगळ

कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचा इवलासा तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर नवीन काही रेकॉर्ड होत नाही. ह्यांनी तो मुद्दाम मोडला होता, कारण त्या एकाच कॅसेटवर त्यांनी स्वतः लिहिलेला कॉम्प्युटरचा खेळ साठवलेला होता. वरून उडत्या तबकड्या गोळ्या झाडत उतरतात, खालून आपलं यान त्यांना पाडतं. दीड वर्षाच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. दुपारी चारला खेळ विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस येणार होता. जमलं, तर लोकांचे रेडिओ दुरुस्त करणं सुटणार होतं.

सकाळी हे दुकानात गेले, सासूबाई शिवणाच्या मशीनवर बसल्या, मला सुट्टी होती, आणि दुर्बुद्धी सुचली. लग्नाला सात महिने झाले तरी कॉम्प्युटरला मला हात लावू दिला नव्हता. म्हटलं, एकदाच खेळावं. ऑफिसात मी साहेबांचं बोलणं टेप करते नि मग टाइप करते. सवयीनं कॉम्प्युटरला जोडलेल्या टेपरेकॉर्डरच्या दोन बटणांवर दोन बोटं पडली, प्ले आणि रेकॉर्ड. रेकॉर्डचं बटण खाली जायलाच नको होतं. ते गेलं, आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

खेळ ज्यावर दिसायचा त्या टीव्हीवर बराच वेळ काही येईना. कॅसेट मागे नेऊन ऐकली, तर साठवलेल्या खेळाच्या कर्कश किंचाळीऐवजी शिवणमशीनची खडखड आणि माझं गुणगुणणं.

"आई, कॅसेटला काही केलंत?"

"मागून मोडली होती. पाहुण्यांसमोर तशी कशी ठेवायची? चिकटपट्टी लावली. दिसतेय का?"

"नाही दिसत," मी म्हटलं. ठिगळ लपवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. मोडलेली जागा पट्टीनं बुजली, म्हणूनच रेकॉर्डचं बटण खाली गेलं होतं.

हे चिडले की ओरडत नाहीत, गप्प होतात. मला त्याचीच जास्त भीती वाटते. कपाटातून ह्यांची वही काढली, अख्खा खेळ तिच्यात लिहिलेला होता. बावीस पानं, नुसते आकडे आणि चिन्हं. आमच्या साहेबांचं बोलणं तरी कुठे कळतं, म्हटलं, आणि कॉम्प्युटरवर टाइप करायला बसले. एक आकडा चुकला तरी सगळं मुसळ केरात. जेवले नाही. मधेच सासूबाई इस्त्री घेऊन आल्या. टेबलक्लॉथला इस्त्री करायची म्हणून त्यांचा हात प्लगकडे गेला, आणि मी अशी किंचाळले की त्या इस्त्रीसकट मागे सरल्या. वीज गेली की कॉम्प्युटर सगळं विसरतो.

शेवटची ओळ संपली आणि दारात चपला वाजल्या. कॅसेटवर उतरवायलाही वेळ उरला नव्हता.

"हा कॉम्प्युटर चालू कसा?" हे म्हणाले. सोबत आलेल्या कंपनीच्या पाहुण्यांना खुर्ची दिली आणि हसत म्हणाले, "पहिल्यापासून कॅसेट लावून दाखवतो." बोट स्विचवर गेलं.

"अहो, बंद करू नका!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "कॅसेटवर काही नाही. माझ्याकडून पुसलं गेलं. वहीतून परत टाइप केलंय, जे आहे ते फक्त आत आहे."

हे गप्प झाले. बोट स्विचवरून काढलं. मागच्या खोलीतली मशीनही थांबली. त्यांनी सगळं कॅसेटवर उतरवलं. त्या चार मिनिटांत माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मग ह्यांनी नखानं चिकटपट्टी सोलली आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "आई, ही मोडकीच बरी आहे."

पाहुणे पुढे सरकले, तशी ह्यांनी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आधी ही खेळेल. बावीस पानं हिनं टाइप केलीत."

मी बटणावर बोटं ठेवली. वरून तबकड्या उतरू लागल्या. एक झाली, दुसरी झाली, पण कुणी गोळीच झाडेना. कुठली ओळ राहिली? इतक्यात तिसरीनं गोळी झाडली, माझ्या यानाच्या चिंधड्या उडाल्या, आणि मी पाहुण्यांसमोर हुंदके देऊन रडू लागले.

"बरोबर आहे," हे हळूच म्हणाले. "तिसरीच झाडते."